तिची पात कोण धरणार?

हजेरी घाईत उरकू नका. नाव घेतलं, ‘हजर’ ऐकलं, खूण केली नि पुढे गेलात, तर ज्या नावाला कुणी ओ दिली नाही ते नाव तिथंच हातून सुटतं. मी तशीच सुटलेली आहे, म्हणून सांगते.

खरं तर हे सांगणारी मी कोण? सातवी अर्धी टाकून शाळा सोडली. आज इतक्या लांब, तमिळ मुलखातल्या एका कापडाच्या कारखान्यात बनियनींच्या घड्या घालून पिशव्यांत भरते. ज्या मॅडमसमोर बोलताना माझी जीभ अडखळते, त्याच मला म्हणाल्या, “ताई, हे सगळं लिहून पाठवा. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवते.” त्यांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्याचेच उपकार मोठे. म्हणून लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

या मॅडम माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका. मुलगी सहावीत आहे. ती माझ्याजवळ नाही, गावाला माझ्या आईजवळ असते. सौंदड स्टेशनवर उतरलं की धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, आमच्या गावाचा रस्ता जातो. मुलीला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मापासूनचा आजार; त्यात डोळेही पिवळे दिसतात. थंडी पडली, पाऊस लागला, की तिचे हातपाय असे दुखतात की अंगावर पांघरूण टाकलेलं सोसत नाही. गोंदियाच्या दवाखान्यात तिचं कार्ड आहे, तिथल्या नर्सबाई तिला ओळखतात. इथं आणली होती एकदा. दवाखान्यात डॉक्टर काय विचारतात ते मला कळेना, कुठं दुखतं नि कसं दुखतं ते मला सांगता येईना. नवरा म्हणाला, “पोरगी तिकडंच बरी. निदान तिचं रडणं लोकायले समजते.” मग मीच तिला परत पोचवून आले. नवऱ्याचं बांधकामाचं काम इथं, माझं काम इथं, आणि आमची मुलगी दोन राज्यं ओलांडून पलीकडे.

गावाकडून दिवसा फोन आला, तर तो दुखण्याचाच असतो. त्या दिवशी जेवणाच्या सुटीत डबा उघडत होते, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मी डबा तसाच ठेवून फोन कानाला लावला. तब्येतीचंच काही असेल, असं मनात आलं.

“घाबरू नका ताई, तब्येत ठीक आहे,” मॅडम म्हणाल्या. “दवाखान्यातून घरी येऊन बरेच दिवस झाले म्हणे. एक दिवस शाळेत आली, नि दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. मी घरी जाऊन आले. आजी म्हणतात, ती ऐकत नाही. तुम्ही बोलून पाहा.”

संध्याकाळी मी मुलीला फोन लावला.

“मले नाई जाचं शाळेत.”

“काऊन वं? कोणी मारलं का?”

“नाई.”

“मॅडम बोलल्या का?”

“मॅडम कायले बोलतीन? मॅडम चांगल्या आहेत. मम्मी, मले काहीच समजून नाई राहिलं. वर्गातले लोक कोठल्या कोठं गेले. मी तिथी बसून काय करू? नि एक पोरगी म्हणते, तुये डोळे पिवळे हायेत.”

मी तिला समजावलं, रागावले, औषधाची आठवण केली, परत समजावलं. ती हूं हूं करत राहिली. मी फोन ठेवला. तिचं ते वाक्य मला पाठ होतं. मी तिथी बसून काय करू. तिच्याच वयाची असताना हेच मी माझ्या आईला म्हटलं होतं, नि आईनं ‘बरं’ म्हणून माझ्या हातात विळा दिला होता.

आता मी शिकले त्या वर्गाबद्दल सांगते.

तिसरीपासून आम्हाला एक बाई होत्या. त्या पश्चिमेकडच्या, घाटाकडच्या. बोलायच्या पुस्तकासारखं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “तुम्ही सर्वांनी न्याहारी केली आहे का?” वर्गात कुणी काही बोललं नाही. त्यांना वाटलं पोरं उपाशी आहेत. मग माझी मैतरीण उठून म्हणाली, “बाई, आमी तं शिळा भात खाऊन आलो, तुमी काय म्हणून राहिले?” सगळे हसले. बाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नि दारातूनच म्हणाल्या, “काय वो, काय करून राहिले?” इतकं वाकडंतिकडं बोलल्या की आम्ही हसून लोळायचं तेवढं बाकी होतं. पण त्या दिवसापासून वर्गात कुणाला तोंड उघडायची भीती वाटली नाही. आमच्यातली काही पोरं घरी पोवारी बोलायची, एक मुलगी गोंडी बोलायची. बाई म्हणायच्या, आधी तुझ्या बोलीत सांग, मग आपण दोघी मिळून त्याला पुस्तकातले कपडे घालू.

ही माझी मैतरीण म्हणजे बोलण्याची मशीन होती. आम्ही दोघी एका पट्टीवर बसायचो. तिचं तोंड बंद ठेवायला आधीच्या गुरुजींनी खूप उपाय केले होते. कोपऱ्यात उभी केली, बाहेर काढली. बाईंनी तिला कधी ‘गप बस’ म्हटलं नाही. म्हणायच्या, “पहिले आयक, मग तूच सांगशील.” धडा झाला की तिला उभी करायच्या नि सगळा धडा तिच्या तोंडून पुन्हा सांगायला लावायच्या. सांगायला मिळणार म्हणून ती कान देऊन ऐकायची. बडबड तेवढीच राहिली, फक्त ती धड्याची झाली.

आणि बाई थांबायच्या. प्रश्न विचारला की थांबायच्या. ज्याला येतं त्याचा हात लगेच वर जायचा, पण बाई त्याच्याकडे पाहायच्याच नाहीत. खिडकीबाहेर पाहत उभ्या राहायच्या. आमच्यासारख्यांना ते थांबणं फार लागायचं. डोक्यात उत्तर चालत येत असायचं, वाटेत असायचं. बाईंमुळं ते पोचायचं. आज कारखान्यात सुपरवायझर काही विचारतो नि माझं उत्तर वाटेत असतानाच पुढे निघून जातो, तेव्हा मला बाईंची ती खिडकीकडची पाठ आठवते.

आता मुख्य गोष्ट, रोवण्याची. आमच्याकडे धानाचा रोवणा लागला, म्हणजे भाताची लावणी सुरू झाली, की शाळेचा वर्ग अर्धा रिकामा होतो. तेव्हा तर व्हायचाच. मोठ्या मुली बांधीत, त्यांच्यापेक्षा लहान पोरी घरी पाळण्याजवळ. माझी आई रोवणाऱ्या बायांमध्ये पुढारी, म्हणून मी आईच्या शेजारी.

बाईंचा पहिलाच रोवणा होता. त्यांना वाटलं, शाळेत पोरं का नाहीत ते जाऊन विचारावं. छत्री घेऊन, साडी वर खोचून त्या थेट बांधावर आल्या. चिखलात बाया एका रांगेत वाकलेल्या, हातात पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या, रोवत रोवत मागे सरकत होत्या. बाईंना पाहून सगळ्यांना हसू.

“वो बाई, इकडं नोका येऊ, पडसान!” माझी आई ओरडली.

“तुमच्या मुलीला शाळेत पाठवत नाही तुम्ही!” बाई रागात होत्या.

“पाठवीन ना. रोवणा झाला का पाठवीन. तुमीच या खाली, म्हणजे तिले सुट्टी देतो.”

बाया खदखदल्या. बाईंचा पाय तोवर बांधावरून घसरला होता नि एक चप्पल चिखलात गेली होती. ती चप्पल मीच काढून दिली. तेवढ्यात झाडाखाली झोपवलेलं एक लेकरू रडायला लागलं. त्याची आई रांगेतून उठली, हात धुतले, जाऊन त्याला पाजायला बसली. बाईंनी रागावणं थांबवून रांगेकडे पाहिलं. लेकराची आई उठून गेली तिथं रांगेत खिंड पडली नव्हती. डावीकडची नि उजवीकडची, दोघी तिचा भाग आपसांत वाटून रोवत मागे येत होत्या. पण दोघींमध्ये एक माणूस उभं राहील एवढी जागा मात्र तशीच होती.

“तिची जागा मोकळी का ठेवलीत?” बाईंनी विचारलं.

“मोकळी कोठची? तिची पात आमी धरून राहिलो ना,” आई म्हणाली. आमच्याकडे रांगेत ज्याच्या त्याच्या वाट्याला येणाऱ्या पट्ट्याला पात म्हणतात. “लेकरू निजलं का ती येईल, तिथीच उभी राहील.”

“आणि जागा भरून टाकली तर?”

आईनं पहिल्यांदा कंबर सरळ केली नि बाईंकडे पाहिलं. “मंग ती येऊन कोठी उभी राहील? बांधावर? बांधावर उभी राहिली तं बाई घरीच जाते ना वो.”

बाई त्या दिवशी मला न घेताच परत गेल्या.

दुसऱ्या दिवशीचं मला मैतरिणीनं सांगितलं. बाई वर्गात आल्या, हजेरी काढली. माझं नाव आलं, कुणी बोललं नाही. बाई थांबल्या. मग माझ्या मैतरिणीला म्हणाल्या, “तिच्या शेजारी कोण बसतं? तू ना? मग सांग, ती कुठं आहे?” ही उभी राहून म्हणाली, “रोवण्याले गेली.” “तिची पात कोण धरणार?” बाईंनी विचारलं. वर्ग हसला, पण ही म्हणाली, “मी.”

तेव्हापासून तोच नियम झाला. कुणी आलं नाही तर शेजारच्यानं उभं राहून सांगायचं, ती कुठं आहे नि तिची पात कोण धरतो. पट्टीवर तिची जागा तशीच ठेवायची, पसरून बसायचं नाही. धडा झाला की पात धरणाऱ्यानं तो नीट ध्यानात ठेवायचा. ती परत आली की पहिल्या तासाला बाई शिकवायच्याच नाहीत. वर्गाला लिहायला काहीतरी द्यायच्या नि शेजारची आलेलीला सगळं सांगायची. बाई मागे उभ्या राहून ऐकायच्या. सांगणारीचं चुकलं तरी मध्ये बोलायच्या नाहीत, नंतर सगळ्यांना मिळून सांगायच्या. परत आलेल्याला ‘इतके दिवस कुठं होतीस’ असं त्यांनी वर्गासमोर कधी विचारलं नाही. ते हजेरीत रोज सांगून झालेलंच असायचं.

दरवर्षी रोवणा करून मी परत जायची, तेव्हा नखांत चिखल असायचा, बोटांना भेगा असायच्या. मैतरीण जरा सरकायची नि मी बसायची. बस, एवढंच. मला कधी वाटलं नाही की मी शाळेतून गेली होती.

सहावी संपली नि बाईंची बदली झाली. त्या गेल्या तेव्हा आम्ही रडलो, त्याही रडल्या. पण आज मला वाटतं, रडण्याआधी त्यांनी एक काम करायला पाहिजे होतं. पुढं येणाऱ्या सरांना सांगायला पाहिजे होतं, की या वर्गात हजेरी कशी होते. बाईंना दोष देत नाही. त्यांना काय माहीत, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे? त्यांना ती श्वासासारखी झाली होती. पण तुम्हाला हात जोडून सांगते, बदली झाली तर कपाटाच्या चाव्या देता तसा वर्गही समजावून द्या. कुठली पोरगी कुणाजवळ बसते, नि का बसते, ते सांगून जा.

नवे सर वाईट नव्हते. त्यांचं गणित फार चांगलं होतं. वेळेवर यायचे. त्यांच्याच वर्षी शाळेला बेंच आले. पहिल्या दिवशी हजेरीत एक नाव आलं नि त्याच्या शेजारचा उभा राहून म्हणाला, “सर, तो बैल चारायले गेला, पात मी धरली.” सर म्हणाले, “ज्याचं नाव घेतलं त्यानंच बोलायचं.” तो बसला. हळूहळू सगळ्यांनी उभं राहणं सोडलं. माझ्या मैतरिणीनं मात्र सोडलं नाही. फक्त मोठ्यानं बोलत नव्हती.

त्या वर्षी रोवणा लांबला. पाण्यानं दडी मारली होती, मग एकदम सगळ्यांचे पऱ्हे रोवायला आले. मी बांधीत होते तेव्हाच शाळेत घटक चाचणी झाली. मला माहीतही नव्हतं.

परत गेले त्या दिवशी सरांनी तपासलेले पेपर वाटले. माझं नाव घेतलं. मी उभी राहिले, म्हटलं, “सर, मी नव्हती.”

“नव्हतीस ना? मग हा पेपर कुणाचा?”

त्यांच्या हातात माझ्या नावाचा पेपर होता. वर माझं नाव, खाली मैतरिणीचं अक्षर. सर दोन्ही पेपर शेजारी शेजारी धरून वर्गाला दाखवत होते. माझा पेपर पूर्ण होता. तिचा स्वतःचा अर्ध्यावर सुटलेला होता. तिनं आधी माझा लिहिला होता, नि मग वेळ उरला नव्हता.

“दोघी पुढे या.”

आम्ही गेलो. मला अजून काही कळलं नव्हतं. तिला कळलं नव्हतं की यात काय चुकलं.

“हे काय आहे?” सरांनी तिला विचारलं.

“तिची पात आहे, सर.”

“काय?”

“ती रोवण्याले गेली होती. तं मी धरली. मी धरतो ना सर तिची, दरसाली.”

वर्गातल्या कुणीतरी हसू दाबलं. सरांना वाटलं ती त्यांची थट्टा करते. त्यांचा चेहरा लाल झाला. “ही शाळा आहे, बांधी नाही. याला कॉपी म्हणतात. चोरी म्हणतात.”

“चोरी कायची सर?” ती खरोखर विचारत होती. “माया हातानं लिवली.”

मग त्यांनी मारलं. फार नाही, हातावर दोन-दोन छड्या. मला लागलंही नाही, रोवण्यानं हात निबर झालेले होते. पण तिच्याकडे पाहिलं तर ती रडत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, जणू मी काहीतरी बोलीन म्हणून. मी काय बोलणार होते? बांधीत कुणी कुणाची पात धरली तर मुकादम चोर म्हणत नाही, एवढंच मला माहीत होतं, नि ते सरांना सांगायचं कसं ते मला येत नव्हतं. वर्गात पंधरा-वीस पोरं होती ज्यांना सगळं ठाऊक होतं. एकही उठला नाही. बाई असत्या तर त्या खिडकीकडे पाहत थांबल्या असत्या. कुणीतरी उठलंच असतं.

सरांनी आमच्या जागा बदलल्या. मार्कांप्रमाणे बेंच दिले. माझ्या जागी दुसरी मुलगी आली. मी शेवटच्या बेंचवर. मैतरिणीच्या बाबाला शाळेत बोलावलं. ते शेतवाले होते, घरी टीव्ही होता, मुलीला पुढं शिकवायचं होतं. संध्याकाळी रस्त्यात ते माझ्या आईला म्हणाले, “तुमची पोरगी बांधीत नि माया पोरीच्या नावावर चोरीचा डाग. तिच्याजवळ नोको बसवू म्हणाव.” आई काही बोलली नाही. तीच आई, जिनं भर बांधीत बाईंची थट्टा केली होती.

मी आणखी काही दिवस गेले शाळेत. सर फळ्यावर समीकरणं सोडवत होते. कुठून सुरू झालं, मला कुणी सांगितलं नव्हतं. मागून मला मैतरिणीची वेणी दिसायची. ती आता बोलत नव्हती. धडा झाला तरी बोलत नव्हती. ती मशीन बंद पडली. मग एके दिवशी सकाळी मी आईला म्हटलं, “मी तिथी बसून काय करू?”

हजेरीत माझं नाव पुढं किती दिवस घेतलं गेलं, मला ठाऊक नाही. घरी विचारायला कुणी आलं नाही. मैतरिणीला वर्ष संपल्यावर मामाकडे शिकायला पाठवलं. नंतर एकदा सौंदडच्या बाजारात ती दिसली. तिच्या कडेवर मूल होतं, माझ्याही. आम्ही दोघी थांबलो. तिनं माझ्या मुलीच्या गालाला हात लावला. मला तिला म्हणायचं होतं की, तुझा पेपर माझ्यापायी अर्धा राहिला. ती म्हणाली, “बरी आहेस ना?” मी म्हटलं, “बरी आहो.” नि तिच्या नवऱ्यानं तिला हाक मारली. कधी आठवण आली की मी ‘बरी आहो’ हे दोन शब्द मनात फिरवत बसते.

म्हणून जेव्हा माझी मुलगी फोनवर तेच वाक्य बोलली, तेव्हा मला झोप लागेना. मॅडमला फोन करावा असं वाटायचं, नि नंबर काढला की वाटायचं, काय बोलणार? शिकलेल्या बाईला आपण काय सांगणार, वर्गात असं करा नि तसं करा? नवरा म्हणाला, “तू सांगशील तं त्या काय फाशी देतीन का? लाव फोन.” सुटीच्या दिवशी, कपडे वाळत घालता घालता लावला. सुरुवातीलाच माफी मागितली. मग बांधीपासून सुरू केलं, नि पेपरापर्यंत आले तेव्हा मला बोलवेना. मॅडम काही बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन कटला.

“हॅलो?” मी म्हटलं.

“आहे ताई,” त्या म्हणाल्या. “मी ऐकते आहे. थांबले आहे. तुम्ही सावकाश सांगा.”

मला फार रडू आलं तेव्हा. इतक्या वर्षांनी कुणी थांबलं होतं.

मग त्यांनी विचारलं, मुलगी वर्गात कुणाच्या शेजारी बसते ते तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत होतं. तिची एक मैत्रीण आहे, गावातलीच, आमच्या घराच्या पलीकडे राहते. मुलगी फोनवर अर्धा वेळ तिच्याबद्दलच बोलते. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. उद्यापासून हजेरी तशीच घेते. एक करा, मुलीला काही समजावू नका. फक्त एवढं सांगा, जागा ठेवली आहे.”

मी तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” पण गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडमनी मला मेसेज केला, ‘आज हजेरीत तिची मैत्रीण उभी राहिली. म्हणाली, दुखून राहिलं असेल, पात मी धरते.’ तो मेसेज मी मशीनच्या आवाजात परत परत वाचला. तिसऱ्या दिवशी ती मैत्रीण घरी आली, अंगणात बसली नि अपूर्णांक सांगून गेली, असं आईनं सांगितलं. “लय बडबडी आहे वं ते पोरगी,” आई म्हणाली. मी म्हटलं, “असू दे.”

पुढच्या आठवड्यात दोन दिवस फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी मुलीनंच केला.

“मम्मी, मी शाळेत गेली होती.”

मी विचारलं, “जागा होती?”

“होती. दोन्ही होत्या.”

“दोन्ही म्हणजे?”

“ती गेली ना. तिचे मायबाप हैदराबादकडं कामाले गेले, तिलेही नेलं. सकाळीच गेले. मी तिच्या घरी गेली होती सोबत शाळेत जाऊ म्हणून, तं कुलूप. मंग मी एकटीच गेली. हजेरी झाली. तिचं नाव आलं. मॅडम थांबल्या. कोणी बोलेच ना. मंग मीच उठली.”

“काय म्हटलं?”

“म्हटलं, हैदराबादले गेली, पात मी धरतो. मॅडम म्हणे, तुले दुखलं तं? म्हटलं, दुखलं तं मॅडमनं धरायची दोघींचीही.” ती हसली. कितीतरी दिवसांनी तिचं हसू ऐकलं. मग तिनं विचारलं, “मम्मी, ते लोक कधी वापस येतात? होळीले येतीन ना?”

आमच्या कारखान्याच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. तिथं अशी मुलं राहतात, कुठून कुठून आलेली, मायबापासोबत. सकाळी आई-बाप कामाला गेले की मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन नळाजवळ उभी असते. त्यांतली काही कधीतरी शाळेत होती. मी विचारते कधी कधी, कितवीत होतीस? ती सांगतात. पण परत कधी जाणार, असं विचारलं की ती नळाकडे पाहतात.

“येतीन,” मी म्हटलं.

आता सकाळी मुलगी शाळेत जाते. थंडी वाढली आहे, त्यामुळं मी रोज फोनकडे पाहत असते. तिला कधी दुखायला लागेल याचा भरवसा नाही. आई सांगते, संध्याकाळी ती ओसरीवर बसून धडा मोठ्यानं वाचते. दोनदा वाचते. आईनं विचारलं, एकदा झालं ना, परत कायले? तर म्हणाली, पहिला माझा होता, हा तिचा आहे.